लंगडणारा मूळपुरुष

मराठी कुलवृत्तान्त चाळले तर एक गोष्ट हटकून आढळते. मूळपुरुष कधी लबाड नसतो. तो तलवार गाजवून वतन मिळवतो, नाहीतर कुलदैवत त्याला स्वप्नात दृष्टान्त देऊन गाव दाखवते. खोटे कागद, भाऊबंदकीचे खटले, दत्तकाचे घोळ हे सगळे सुरू होते ते चौथ्या-पाचव्या पिढीपासून. बायबलमधल्या 'उत्पत्ती'ने मात्र इस्राएलाच्या कुळाची हकीगत लिहिताना हा संकेत पाळलेला नाही. ज्याच्या मुलांवरून बारा वंश मोजले जातात तो याकोब भुकेल्या भावाकडून मसुराच्या वरणाच्या बदल्यात ज्येष्ठपणाचा हक्क काढून घेतो. पुढे हातांना करडाचे कातडे गुंडाळून आंधळ्या बापाचा आशीर्वादही लुबाडतो. कथा वाचकांना ठाऊक आहेच. प्रश्न पुढचा आहे: अशा माणसाला देवाने हाताशी धरले म्हणजे नेमके काय केले? देवाने त्याला हळूहळू सुधारले, हे प्रवचनांतले ठरलेले उत्तर आहे. मला ते पटत नाही, कारण मूळ कथा तसे सांगत नाही. कोल्हापूरच्या अमेरिकन मिशनच्या मूळपुरुषाकडे पाहिले की तो फरक अधिकच ठसठशीत होतो.

आधी याकोबाचा पुरावा पाहू. घरातून पळताना बेथेलला त्याला शिडीचे स्वप्न पडते आणि देव बिनशर्त वचन देतो. जागा झाल्यावर याकोब नवस बोलतो तो मात्र अटी घालून: अन्नवस्त्र मिळाले आणि सुखरूप घरी परतलो, तर हा माझा देव. या व्यापारी भाषेबद्दल देव त्याला रागे भरत नाही. त्याची गाठ पडते ती लाबानमामाशी. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्या भागाला परकी नाही, त्यामुळे इथपर्यंत आपल्या वाचकाला सगळे घरचेच वाटेल. पण बापाच्या आंधळेपणाचा फायदा घेतलेल्या भाच्याला मामा रात्रीच्या अंधारात बायकोच बदलून देतो, आणि सकाळी वर ऐकवतो की थोरलीच्या आधी धाकटी देण्याची आमच्याकडे पद्धत नाही. थोरल्याचा हक्क लुबाडणाऱ्याला याहून नेमका टोला कुणी हाणला असेल! वीस वर्षे राबल्यावर, मजुरी दहा वेळा बदलली अशी तक्रार करत याकोब तिथून निघतो. यब्बोक नदीकाठी रात्रभर झुंज होते, मांडीचा सांधा निखळतो, आणि झुंजणारा त्याला नाव विचारतो. बापाने विचारले होते तेव्हा त्याने भावाचे नाव सांगितले होते. या वेळी तो स्वतःचे सांगतो. प्रवचने बहुधा इथे थांबतात. नवे नाव मिळाले, माणूस बदलला, आमेन. पण लगेच पुढच्याच अध्यायात तोच फसवलेला भाऊ एसाव धावत येऊन त्याला मिठी मारतो, आपल्याबरोबर चल म्हणतो. याकोब सांगतो, तू पुढे हो, मी गुराढोरांबरोबर सावकाश सेईरला येतो. आणि भाऊ दिसेनासा झाल्यावर मुक्काम टाकतो सुक्कोथला. अब्रामाचे नाव बदलल्यावर त्या कथेत जुने नाव परत येत नाही. याकोबाचे जुने नाव मात्र इस्राएल या नव्या नावाच्या जोडीने शेवटपर्यंत येत राहते. ज्याने ही कथा रचली त्याच्या नजरेतून हे निसटले असेल, असे मानता येत नाही. खोड गेलेली नाही. म्हातारपणी हाच मुला-मुलांत भेद करून लाडक्या योसेफाला झगा शिवतो, आणि त्याची बाकीची मुले करडाच्याच रक्तात तो झगा बुडवून बापाला फसवतात. ज्या जनावराच्या कातड्याने त्याने फसवले त्याच जातीच्या जनावराचे रक्त त्याला फसवायला येते. घडवणे म्हणजे काही असेल तर ते हेच: माणसाची खोड न काढता, तिला तोडीस तोड माणसे त्याच्या वाटेवर उभी करणे, आणि त्या झटापटीतून, लंगडत का होईना, काम पुढे जाऊ देणे.

आता कोल्हापूर. रॉयल गूल्ड वाइल्डर 1816 साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जन्मला. अँडोव्हरला धर्मशास्त्र शिकला, 1846 मध्ये अमेरिकन बोर्डातर्फे पत्नी एलायझासह अहमदनगरला आला आणि तिथल्या शाळा सांभाळू लागला. 1852 च्या अखेरीस तो कोल्हापूरला गेला. 1844 चे गडकऱ्यांचे बंड मोडल्यापासून संस्थानच्या कारभारावर इंग्रज अधिकाऱ्यांची पकड घट्ट होती आणि शहराचा मूड कडवट होता. या पाद्र्याला घालवून द्या, असा अर्जही झाला. वाइल्डर हलला नाही. हा न हलण्याचा गुण पुढे त्याला फार महागात पडला.

कारण त्याचे खरे भांडण कोल्हापूरकरांशी झालेच नाही. ते झाले बोस्टनशी, म्हणजे त्याच्याच बोर्डाच्या वरिष्ठांशी. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन आणि त्यांचे सहकारी ऑगस्टस थॉम्पसन 1854-55 मध्ये हिंदुस्थानच्या पाहणीला आले. अँडरसन यांचा सिद्धान्त ठाम होता. मिशनने एतद्देशीयांची स्वतःच्या पायावर उभी राहणारी मंडळी घडवावी, प्रचार देशी भाषेत करावा. इंग्रजी शाळा नोकरीच्या आशेने आलेली मुले तयार करतात, त्यावर पैसा घालू नये. इंग्रजी शाळांना कात्री लागली. अमेरिकेत इतका गदारोळ उठला की 1856 च्या मार्चमध्ये ऑल्बनीला बोर्डाची खास सभा भरवावी लागली. वाइल्डरला शाळा सोडवेनात. जिथे प्रवचनाला माणूस फिरकत नाही तिथे शाळा हाच एक दरवाजा उघडा असतो, असे त्याचे म्हणणे होते. प्रकृती खालावल्याने तो मायदेशी गेला, तिथे वाद चिघळला आणि बोर्डाशी संबंध तुटला. मग 1861 मध्ये त्याने दोन गोष्टी केल्या. बोर्डाच्या हिंदुस्थानातल्या शाळांवर एक जाडजूड पुस्तक न्यूयॉर्कमध्ये छापून भांडण चव्हाट्यावर आणले, आणि कोणत्याही बोर्डाच्या पाठबळाविना कोल्हापूरला परतला. त्या पुस्तकात तक्रार आहे, आकडे आहेत, अभिमान दुखावलेला माणूसही आहे. आज्ञाधारक सेवकाचे हे लिखाण नव्हे. वरिष्ठांचा निर्णय पचवता न येणे आणि खासगी मतभेदाचा जाहीर खटला करणे, हे दोष त्याच्या पानोपानी दिसतात.

आणि तरीही, त्या दोषांशिवाय कोल्हापूरचे मिशन उरलेच नसते. नऊ वर्षे त्याने ते एकट्याने रेटले. 1870 मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डाने ते पदराखाली घेतले. 1894 मध्ये मिरजेला विल्यम वानलेस यांनी उभारलेले रुग्णालय याच मिशनच्या फांदीवरचे. प्रकृतीमुळे वाइल्डरला हिंदुस्थान सोडावा लागला, पण लेखणीची खोड सुटली नाही. 1878 मध्ये प्रिन्स्टनहून त्याने 'मिशनरी रिव्ह्यू' काढला, आणि कोणत्याही बोर्डाची मिंधेगिरी नसल्याने त्यात बोर्डांच्या कारभारावर बिनधास्त टीका केली. 1863 मध्ये कोल्हापुरातच जन्मलेला त्याचा मुलगा रॉबर्ट 1886 च्या उन्हाळ्यात माउंट हर्मनच्या विद्यार्थी मेळाव्यात होता. तिथे शंभर तरुणांनी परदेशी मिशनची तयारी दाखवली आणि त्यातून स्टुडंट व्हॉलंटियर चळवळ उभी राहिली. पुढच्याच वर्षी बाप वारला.

इथे आक्षेप येणारच: हे सगळे यशाच्या अंगाने मागाहून रचलेले नाही का? जे टिकले त्याला देवाची योजना म्हणायचे, जे बुडाले त्याचे नावच घ्यायचे नाही. आक्षेप खरा आहे, आणि यश हेच माप धरले तर त्याला उत्तर नाही. पण 'उत्पत्ती' ते माप धरत नाही. याकोब मरतो तो मिसर देशात, दुष्काळाने हुसकावलेला आश्रित म्हणून. वचन दिलेल्या देशात त्याच्या कुळाची म्हणावी अशी जागा म्हणजे एक कबरीची गुहा आणि शखेमजवळचा एक तुकडा. फारोने वय विचारले तर एकशेतीस वर्षांचा हा माणूस सांगतो की माझे दिवस थोडे आणि वाईट गेले. कथेने ही कबुली झाकलेली नाही. वाइल्डर आणि अँडरसन यांच्या वादातही दोघे जे मोजत होते ते एकाच्याही हाती फारसे लागले नाही. अँडरसन यांचे देशी भाषेबद्दलचे म्हणणे मला बरोबर वाटते. पण अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांची अहमदनगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी 1848 मध्ये पुण्यात शाळा काढली. ते फळ कोणत्याही बोर्डाच्या वार्षिक अहवालात बसणारे नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक सोपा आणि म्हणून अधिक टोकदार आहे. पुढच्यांनी कष्ट केले म्हणून काम टिकले, त्यात देव कशाला? राधानगरीचेच धरण घ्या. शाहू महाराजांनी भोगावतीवर 1909 मध्ये काम सुरू केले, पैशाअभावी ते रखडले, महाराज 1922 मध्ये गेले, धरण पुरे झाले 1957 मध्ये. त्याला कुणी ईश्वरी योजना म्हणत नाही. अभियंते, मजूर आणि सरकारी मंजुऱ्या यांनी ते झाले. बरोबर आहे. पण याकोबाच्या कथेतही आकाशातून हात येऊन काही होत नाही. स्वप्ने आणि ती एक झुंज सोडली तर घडवणारे सगळे हात माणसांचेच आहेत: कपटी मामा, अंधारात गळ्यात पडलेली नावडती बायको लेआ, क्षमा करणारा एसाव. श्रद्धावान वाचक त्यामागे मार्गदर्शन पाहतो, अश्रद्ध वाचक परिणामांची साखळी. दोघांसमोरचा मजकूर एकच आहे आणि कुणालाही तो मूळपुरुषाला निर्दोष ठरवू देत नाही.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मी निरुत्तर नसलो तरी अस्वस्थ आहे. एकाला घडवताना किंमत दुसऱ्यांनी का मोजायची? लेआ आयुष्यभर नावडती राहिली. मुलगी दीना हिच्यावर अत्याचार झाल्याचे कळल्यावर बाप गप्प बसला आणि भावांनी गाव कापून काढले, तेव्हा आपली अब्रू गेली म्हणून बोलला. कथा हे लपवत नाही, पण भरपाईही करत नाही. कोल्हापुरातल्या एसावांचे काय? बोस्टन आणि वाइल्डर भांडत होते तेव्हा नात्यागोत्यातून तुटून बाप्तिस्मा घेतलेली मूठभर माणसे इथेच होती. शाळा चालावी की बंद व्हावी, हे त्यांना कुणी विचारले होते, असे या वादाच्या छापील पानांवरून वाटत नाही. त्यांच्याबद्दल भरपूर लिहिले गेले, त्यांच्या तोंडचे मात्र फार थोडे.

कोल्हापुरात आज वाइल्डर मेमोरियल चर्च उभे आहे. तिथल्या मंडळींना एकच विनंती आहे. मूळपुरुषाचे चरित्र मराठीत काढाल तेव्हा 1861 चे ते भांडखोर पुस्तक वगळू नका, त्याच्या शेजारी अँडरसन यांची बाजू छापा, आणि घराघरांत त्या पहिल्या कुटुंबांच्या ज्या आठवणी उरल्या असतील त्या आताच लिहून घ्या.