स्फटिक होणारा विषाणू

विषाणूची रचना समजून घ्यायची तर तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणाऱ्या टोबॅको मोझॅइक व्हायरसपासून सुरुवात करावी. माझा हा सगळ्यात आवडता! १८९२ मध्ये रशियाच्या दिमित्री इव्हानोव्स्कींनी रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या चिनी मातीच्या गाळणीतून गाळला, तरी त्या रसाने निरोगी झाडं आजारी पडली. १९३५ मध्ये अमेरिकेत वेंडेल स्टॅन्लींनी तर याचे चक्क स्फटिक बनवले. ते विरघळवून पानाला चोळले की रोग पुन्हा हजर!

आहे काय यात? सुमारे ३०० नॅनोमीटर लांबीची नळी. एकाच प्रथिनाच्या साधारण २,१३० प्रती गोल जिन्यासारख्या रचलेल्या आणि त्यांच्या वळणात बसलेला आरएनएचा एक धागा. बस्स. पेशी नाही, श्वसन नाही. वाढायचं तर झाडाच्याच पेशीतली यंत्रणा वापरायची.

१९५५ मध्ये तर शास्त्रज्ञांनी वेगळं केलेलं प्रथिन आणि आरएनए नुसतं एकत्र मिसळलं, आणि रोग पसरवणाऱ्या नळ्या आपोआप जुळून आल्या!

हा विषाणू टोमॅटो-मिरचीलाही लागतो आणि वाळलेल्या तंबाखूतही टिकतो. म्हणून तंबाखू मळलेला हात साबणाने धुतल्याशिवाय रोपांना लावू नका.