मुदत संपलेल्या रोलचं वय

सकाळी 6.30
टेबलावर भिंग आणि तालुक्याच्या गावातल्या बंद पडलेल्या स्टुडिओतून आलेला खोका. आत ऑर्वो एनपी 22 चे 120 चे कृष्णधवल रोल. मुदतीची तारीख वाळवीनं खाल्ली आहे, तेव्हा वय उरलेल्या छपाईवरून काढायचं. ऑर्वो हे नाव वोल्फेनच्या कारखान्यानं 1964 मध्ये घेतलं. त्याआधी तिथला माल आग्फा नावानं येई. ‘जीडीआर’ची छाप आहे, म्हणजे पूर्व जर्मनी हा देश असतानाचा, 1990 च्या आतला. मुंबईच्या विक्रेत्याच्या शिक्क्यात सहा आकडी पिनकोड आहे आणि पिनकोड सुरू झाला 15 ऑगस्ट 1972 ला. वेग नुसता एएसए आणि डिनमध्ये छापलाय, आयएसओ कुठंच नाही. म्हणून ऐंशीच्या दशकात फार पुढं जाता येत नाही. सत्तरचं दशक धरायला हरकत नाही.

35 मिमीचा रोल असता तर डबीवर काळ्या-चंदेरी चौकटी शोधल्या असत्या, ती डीएक्स खूण 1983 पासूनची. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ असता तर 1967 च्या मागं जायचं कारणच नव्हतं. कारखान्यातून माल निघायला लागला तोच त्या वर्षी.

8.00
छपाईवरून रोल कधीचा ते कळतं, तो कसा राहिला ते कळत नाही. ते माणसांनाच विचारावं लागतं.

“काका, खोका होता कुठं?”

“दुकानातच रे, माळ्यावर. वर पत्रा.”

या एका उत्तरानं दिवसाचा सगळा हिशेब बदलला. नगरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखाली त्याहून जास्त. दर दहा वर्षांना एक स्टॉप जास्त प्रकाश द्यावा असा ठोकताळा सांगतात, पण तो माळ्यावरच्या रोलला लावण्यात अर्थ नाही. उष्णतेनं आणि सभोवतालच्या किरणोत्सर्गानं चांदीचे काही कण प्रकाश न पडताही डेव्हलपरमध्ये काळे होण्याजोगे बनतात. तोच फॉग. कण जेवढे वेगवान तेवढा फॉग जास्त. 125 एएसएचा हा रोल निदान 400 चा नाही, एवढं नशीब चांगलं.

9.00
त्याच खोक्यातला एक रोल चाचणीसाठी द्यायचा. हा खर्च जिवावर येतो, पण तो टाळून पुढं जाणं मला पटत नाही. यॅशिकात भरून समोरच्या विटांच्या भिंतीचे 125, 64, 32 आणि 16 धरून चार फोटो घेतले. बाकीची पट्टी कोरी ठेवली, म्हणजे निव्वळ फॉग किती ते दिसेल.

11.00
मे महिन्यात टाकीचं पाणी 20 अंशांवर आणायला घमेल्यात बर्फ लागतोच. डी-76 मध्ये चिमूटभर पोटॅशियम ब्रोमाइड घातलं. जुने स्टुडिओवाले फॉग दाबायला हेच वापरत. त्यानं वेग थोडा कमी होतो, तेवढा प्रकाश वाढवून भरून काढायचा. निगेटिव्ह वाळल्यावर पाहिलं: कोरी पट्टी चांगलीच करडी, 125 च्या फोटोत सावल्या पूर्ण बुडालेल्या, 32 वर विटांचे सांधे स्पष्ट. 32 ठरलं.

दुपार
झोप आणि कॅमेऱ्याची साफसफाई.

4.30
पाथर्डी रस्त्यानं चांदबीबी महाल. नाव चांदबीबीचं असलं तरी ही कबर सलाबतखानाची. तीन मजली, अष्टकोनी, डोंगरमाथ्यावर. फॉगनं निगेटिव्हचा उठाव मरतो, म्हणून जुन्या रोलला मऊ ढगाळ उजेड देऊ नये. उतरतं ऊन, खोल कमानी, दगडाच्या कडा, असंच काही द्यावं. 32 ला भर उन्हात एफ 8 आणि 1/125. ऊन पिवळं होत गेलं तसा 1/60, मग 1/30. बारा फोटोंत घाई करत नाही. प्रत्येक कमानीसमोर ऊन सरकेपर्यंत थांबतो.

8.30
घरी येऊन लगेच रोल धुतला. म्हातारा रोल फोटो काढून झाल्यावर ठेवून देऊ नये. उमटलेली प्रतिमा त्यात लवकर विरते. हायपोतून काढून दिव्याखाली धरला. आकाशात मागच्या कागदावरचे आकडे आणि ठिपके उमटलेत. कागद इतकी वर्षं फिल्मला चिकटून होता, त्याचा हा परिणाम. छपाईत तो जाणार नाही. पण कमानींच्या आतला दगड आला आहे, त्याचा पोत आला आहे, आणि मला तोच हवा होता.

10.00
राहिलेले रोल हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये. डब्यावर चिठ्ठी: सत्तरचं दशक, पत्र्याखाली, 32 धरा.

तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत असा रोल निघाला तर फेकू नका, उलगडूनही पाहू नका. पट्टीवर ‘एक्स्पोज्ड’ लिहिलेलं असेल तर आत कुणाचं तरी लग्न, बारसं असू शकतं. तो रंगीत रोल धुणाऱ्या यंत्रात देऊ नका. तिथलं ब्लीच सगळी चांदी काढून टाकतं आणि हातात कोरी पट्टी येते. कृष्णधवल रोल हातानं धुणाऱ्याकडेच द्या, आणि तो कुठं, किती वर्षं पडून होता ते त्याला आधी सांगा.