स्पॅनिश आणि इंग्रजी यांची सोयरीक

न्यूयॉर्कमधील पोर्तो रिकन वस्तीत वाक्याचा आरंभ इंग्रजीत होतो आणि शेवट स्पॅनिशमध्ये. या बोलण्याला ‘स्पँग्लिश’ म्हणतात. १९४८ साली पोर्तो रिकोचे लेखक साल्व्हादोर तिओ यांनी ‘एस्पांग्लिश’ हे नाव वापरले, ते अर्थात कौतुकाने नव्हे.

या दोन भाषांची गाठ राजकारणाने घातली. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा कॅलिफोर्नियासह फार मोठा मुलूख अमेरिकेकडे गेला. माणसे जागच्या जागी राहिली, सीमा मात्र त्यांच्यावरून सरकली. १८९८ साली पोर्तो रिको गेले. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबातील लोक मायामीत आले.

मिश्रणाची एक तऱ्हा शब्दांची. ट्रकचा ‘त्रोका’ झाला, लंचचा ‘लोंचे’. ‘पार्क’ला स्पॅनिश प्रत्यय लागून ‘पार्केआर’ हे क्रियापद बनले आणि ते रीतसर चालवले जाते: ‘पार्केओ’ म्हणजे मी गाडी उभी करतो, ‘पार्केआमोस’ म्हणजे आपण उभी करतो. आपण मराठीत ‘पार्क करतो’ म्हणून ‘करणे’च्या खांद्यावर ओझे टाकतो, स्पॅनिश पाहुण्याला थेट घरचे कपडे चढवते.

दुसरी तऱ्हा वाक्याच्या मध्येच भाषा बदलण्याची. लोकांना हा गोंधळ वाटतो. परंतु शाना पॉपलॅक या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी न्यूयॉर्कच्या पोर्तो रिकन वस्तीत अभ्यास करून १९८० साली दाखवले की, दोन्ही भाषांचा शब्दक्रम जेथे जुळतो तेथेच सहसा सांधा पडतो. स्पॅनिशमध्ये विशेषण बहुधा नामाच्या मागून येते, इंग्रजीत आधी. म्हणून त्या दोहोंमध्ये भाषा बदलणे बोलणारे टाळतात. हा नियम त्यांना कोणी शिकवलेला नसतो! शिवाय वाक्याच्या पोटात अशी अदलाबदल अधिक करतात ते दोन्ही भाषा चांगल्या येणारेच. ‘धड एकही येत नाही’ हा आरोप येथे टिकत नाही.

या आरोपाची किंमत मुलांनी मोजली आहे. टेक्सासच्या कित्येक शाळांत स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. स्पॅनिश अकादमीनेही २०१४ च्या कोशासाठी या शब्दाची व्याख्या करताना ‘विकृत करून’ असे म्हटले होते. आक्षेप आल्यावर ते पुढे गाळले.

अडचणी नाहीत असे मात्र नाही. अमेरिकेतील अनेकांची ‘कार्पेता’ म्हणजे जमिनीवरचा गालिचा. माद्रिदच्या कचेरीत तोच शब्द उच्चारला, तर कारकून कागदांची फाईल आणून देईल.