आर-एच निगेटिव्ह रक्त आणि आपले ताट



डब्लिन म्हटले की आयर्लंड आठवते. आम्ही राहतो ते डब्लिन अमेरिकेत, कॅलिफोर्नियात. येथे मुलांकडे राहायला आलेल्या आपल्या एका मावशींनी परवा आमच्यापुढे एक यादी ठेवली. रक्त आर-एच निगेटिव्ह असेल तर गहू, दूध आणि डाळी वर्ज्य, असे तीत लिहिले होते. मावशींनी पंधरा दिवस डाळ-दही सोडले होते, आणि जिना चढताना त्यांचे पाय लटपटत होते.

आधी हे निगेटिव्ह म्हणजे काय ते पाहू. तांबड्या पेशींवर 'डी' नावाचे एक प्रथिन असते. ते असेल तर रक्त पॉझिटिव्ह, नसेल तर निगेटिव्ह. व्हिएन्नातील यहुदी घराण्यात जन्मलेले कार्ल लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी १९४० साली न्यूयॉर्कमध्ये याचा शोध जाहीर केला. भारतात शंभरात सुमारे पाच जण निगेटिव्ह असतात, युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे पंधरा. हा आजार नव्हे, आणि पचनाशी त्याचा संबंध नाही. भाकरी, डाळ, मासळी आतड्यात पचते ती सर्वांची सारखीच.

मग या याद्या आल्या कुठून? १९९६ साली पीटर डॅडॅमो यांचे रक्तगटानुसार आहार सांगणारे पुस्तक अमेरिकेत खूप खपले. त्याची मांडणी ए, बी, एबी, ओ या गटांवर होती. टोरांटोच्या संशोधकांनी सुमारे दीड हजार माणसांचा आहार तपासून २०१४ साली निष्कर्ष दिला: भाजी-फळांचा आहार ज्यांना मानवला, त्यांना तो रक्तगट कोणताही असो, मानवला. निगेटिव्हच्या याद्या त्याच धाटणीच्या आहेत.

निगेटिव्ह असणे खरे महत्त्वाचे ठरते ते बाळंतपणात आणि रक्त चढवताना. आई निगेटिव्ह व बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईच्या रक्तात 'डी'विरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात. पहिले मूल बहुधा सुखरूप, पण पुढच्याला जबर कावीळ, कधी त्याहून वाईट. हे टाळणारे अँटी-डी इंजेक्शन १९६८ साली आले. त्याआधी आपल्या कित्येक आयाबहिणींना "तू गरोदरपणी काय खाल्लेस?" हे ऐकावे लागले असेल. खाण्याचा त्यात काही दोष नव्हता.

ज्या निगेटिव्ह भगिनींची बाळंतपणे इंजेक्शनाविना झाली, त्यांच्या अंगी त्या अँटिबॉडी आजही असू शकतात. कधी त्या इतक्या कमी होतात की तपासणीत दिसत नाहीत, पण न जुळणारे रक्त चढले की पुन्हा उसळतात. म्हणून ऑपरेशनपूर्वी डॉक्टरांना जुन्या बाळंतपणांची हकिकत जरूर सांगावी. रक्तगट लिहिलेले कार्ड पाकिटात असू द्यावे, आणि मुलांनाही ते ठाऊक असावे.

आहाराचे म्हणाल तर आपले वय आणि आपली औषधे पाहावीत. उतारवयात स्नायू झिजतात, म्हणून रोज डाळ, अंडे, बांगडा किंवा कोंबडी, यांपैकी काहीतरी हवेच. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-१२ तपासून घ्यावे. वॉर्फरिनची गोळी चालू असेल तर मेथी-पालक सोडू नये, पण रोज साधारण सारख्याच प्रमाणात खावे. मांसासोबत दूध चालत नाही म्हणून आपण रश्शाला नारळाचे दूध घालतो. चव अप्रतिम, पण कोलेस्टेरॉल असलेल्यांनी हात आखडता घ्यावा. कोशेर करताना मांसाला मीठ लावलेले असते. ते चांगले धुऊन शिजवताना मीठ बेताने घालावे, विशेषतः रक्तदाब असेल तर. आणि मलिद्याचे पोहे निगेटिव्ह रक्ताला चालतात का, असे मावशींनी विचारलेच. चालतात. साखर असेल तर गूळ मात्र कमी.