नोंदी किती यापेक्षा तपासल्या कधी

२१ मे २००९ रोजी अमेरिकेच्या संघ सरकारने ‘डेटा डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा तिथे ४७ माहितीसंच होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये हार्वर्डच्या विधि ग्रंथालयातील एका गटाने त्या संकेतस्थळाची प्रत काढून सर्वांसाठी खुली केली. तिच्यात ३ लाख ११ हजारांहून अधिक माहितीसंच होते आणि त्यांचा आकार १६ टेराबाइट भरला.

एका ग्रंथालयाला हा खटाटोप करावासा का वाटला? डेटा डॉट गव्हवर मूळ फायली फारशा नसतात. तिथे असते ती माहितीची ओळख, खात्याचे नाव आणि एक लिंक. फाइल त्या त्या खात्याच्या सर्व्हरवर असते. खात्याने ती हलवली किंवा काढून टाकली की हाती उरते फक्त वर्णन. जगातले सर्वांत नावाजलेले सरकारी डेटाचे दालन मुळात एक सूची आहे आणि कुठल्याही सूचीचे भवितव्य तिच्यातल्या पत्त्यांवर अवलंबून असते.

हे पत्ते किती वेगाने निकामी होतात? अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये याचे मोजमाप प्रसिद्ध केले. २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. सरकारी संकेतस्थळांच्या पानांपैकी २१ टक्के पानांवर किमान एक लिंक तुटलेली होती. ३८ टक्क्यांची ही गळती दहा वर्षांवर सारख्या दराने पसरवली, तर वर्षाला सुमारे ४.७ टक्के होते. समजा, एखाद्या गटाने खुल्या माहितीच्या स्रोतांची ५०० नोंदींची सूची केली आणि तिला हा दर लावला, तर पहिल्याच वर्षी २३-२४ लिंक जातील, म्हणजे महिन्याला दोन. पाच वर्षे कोणी हात लावला नाही तर शंभरावर नोंदी निरुपयोगी. सरकारी फायलींचा दर वेगळा असू शकतो, पण देखभालीचे काम किती मोठे आहे याचा अंदाज यायला एवढे पुरे.

मला मात्र तुटलेल्या लिंकची भीती कमी वाटते. ती तुटली हे निदान दिसते तरी. लिंक चालू, पान उघडते, तक्ताही उतरतो, पण त्यातली शेवटची ओळ चार वर्षांपूर्वीची, हे जास्त घातक. लिंक तपासणारा प्रोग्रॅम अशा नोंदीला बिनदिक्कत ‘ठीक’ म्हणतो. दुसरा प्रकार स्वरूपाचा. कालपर्यंत एक्सेलमध्ये येणारा तक्ता आज स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये येऊ लागतो. मराठीत त्याच्या जोडीला फॉन्टचे दुखणे आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांमध्ये टंकलेला मजकूर पीडीएफमध्ये सुवाच्य दिसतो. तोच उचलून तक्त्यात चिकटवला की गावांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा येतो. म्हणून मराठी स्रोतांच्या सूचीत ‘युनिकोड आहे का’ हा रकाना हवाच. तो नसेल तर सूची वाचून कामाला बसणाऱ्याचा अख्खा आठवडा त्यात जाऊ शकतो.

सर्वांत खोल अडचण जिल्ह्यांची आहे. १९६० मध्ये महाराष्ट्रात २६ जिल्हे होते. १९८१-८२ मध्ये चार वाढले, १९९० मध्ये मुंबई उपनगर वेगळे झाले, १९९८-९९ मध्ये आणखी चार आले आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर हा छत्तिसावा जिल्हा झाला. देशाचेही तसेच: २००१ च्या जनगणनेत ५९३ जिल्हे, २०११ च्या जनगणनेत ६४०. ठाण्याचे उदाहरण घ्या. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजार होती. त्यातला सुमारे २९ लाख ९० हजारांचा भाग पुढे पालघरमध्ये गेला, ठाण्यात ८० लाख ७० हजार उरले. आता २०१४ नंतरच्या ठाण्यातील रुग्णालयांच्या खाटा मोजायच्या आणि भागायचे जुन्या १ कोटी १० लाखांनी, असे केले तर लाखामागचे प्रमाण खऱ्यापेक्षा २७ टक्क्यांनी कमी निघते. दोन्ही आकडे सरकारी, दोन्ही बरोबर, तरी भागाकार चुकीचा. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर झाल्यावर तर नावांवरून तक्ते जुळवणेच धोक्याचे झाले. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला संकेतांक आहे. तक्ते त्यावरून जुळवावेत. सूचीच्या नोंदीत हा संकेतांक आहे की नाही आणि जिल्ह्यांच्या सीमा कोणत्या वर्षाच्या आहेत, एवढे लिहिले तरी पुढच्या माणसाची फसगत टळते.

भारतात सरकारी माहिती खुली करण्यासाठी धोरण नाही असे नाही. राष्ट्रीय डेटा सामायिकीकरण धोरण मार्च २०१२ मध्ये अधिसूचित झाले, त्याच वर्षी ‘डेटा डॉट गव्ह डॉट इन’ आले आणि २०१७ मध्ये सरकारी खुल्या डेटाचा परवानाही आला. तरीही एकाच विषयाची माहिती अनेक दारांत विखुरलेली असते आणि कोणत्या प्रश्नासाठी कोणते दार ठोठावावे हे एकही दार सांगत नाही. पावसाचेच पाहा. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाकडून १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकटींमध्ये मिळतो. आपल्या अक्षांशावर अशी एक चौकट साधारण २८ किलोमीटर उत्तर-दक्षिण आणि २६ किलोमीटर पूर्व-पश्चिम, म्हणजे सुमारे ७३० चौरस किलोमीटरची. दुसरीकडे राज्यात महसूल मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. राज्याच्या ३ लाख ७ हजार ७१३ चौरस किलोमीटर क्षेत्राला भागले तर एका केंद्रामागे जेमतेम दीडशे चौरस किलोमीटर येतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वीस किलोमीटरही दूर नसलेल्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहून कमी. पीकविम्याचा प्रश्न असेल तर मंडळाचा आकडा हवा. शंभर वर्षांत पाऊस कसा बदलला हे पाहायचे तर मंडळाची केंद्रे कामाची नाहीत, ती नवी आहेत. तिथे चौकटीच हव्यात. हा विवेक सूचीत दोन ओळींत उतरवता येतो, पण तो उतरवायला दोन्ही फायली वापरलेला माणूस लागतो.

म्हणूनच अशी सूची सांभाळणे हे एकट्यादुकट्याचे काम नाही. बंगळूरुहून २०११ मध्ये सुरू झालेल्या डेटामीट या समूहाने मतदारसंघांचे आणि जिल्ह्यांचे नकाशे स्वयंसेवकांच्या जोरावर खुल्या परवान्याने उपलब्ध केले. मार्च २०२० मध्ये उभ्या राहिलेल्या ‘कोविड-१९ इंडिया’ने राज्यांच्या रोजच्या पत्रकांतून जिल्हावार आकडे गोळा केले. सुरुवातीच्या रुग्णनिहाय तक्त्यात प्रत्येक ओळीपुढे स्रोतासाठी रकाने होते, त्यामुळे शंका आली की कोणालाही मूळ पत्रकापर्यंत जाता येई. ३१ ऑक्टोबर २०२१ ला ते काम थांबले, तेही आधी जाहीर करून. थांबण्याची तारीख सांगणे हाही देखभालीचा भाग आहे. कितीतरी सूच्या न सांगता बंद पडतात आणि वर्षानुवर्षे ताज्या असल्यासारख्या दिसत राहतात.

श्रमांचा हिशेब मांडू. एक नोंद नीट तपासायला, म्हणजे लिंक उघडून, फाइल उतरवून, शेवटच्या ओळीची तारीख पाहायला पाच मिनिटे धरा. ५०० नोंदी, वर्षातून चार वेळा: १० हजार मिनिटे, सुमारे १६७ तास. बारा जणांत वाटले तर माणशी वर्षाला १४ तास, महिन्याला तासाभराच्या थोडे वर. नोकरी-घर सांभाळून हे जमते. हेच ५,००० नोंदींचे केले की माणशी महिन्याला साडेअकरा तास होतात आणि स्वयंसेवक गळू लागतात. सूची सुरू करताना हजारो नोंदींचा सोस धरणाऱ्या गटांना मी हेच गणित दाखवेन. बारा जण असाल तर पाचशेवर थांबा.

वाटणीही नोंदींच्या संख्येने करू नये. जो वार्ताहर बाजारभाव रोज पाहतो, त्याच्याकडे कृषी पणन मंडळाचे आणि अ‍ॅगमार्कनेटचे स्रोत द्यावेत. शाळांवर काम करणाऱ्या शिक्षिकेकडे शिक्षणाचे. वापरणाऱ्याला बिघाड आधी कळतो. तुटलेल्या लिंक शोधायचे काम प्रोग्रॅमवर सोपवावे आणि माणसांची मिनिटे फाइलच्या आत पाहण्यासाठी राखावीत. जुनी नोंद मात्र पुसू नये. सातबाऱ्यावरच्या बदलामागे जसा फेरफार क्रमांक असतो, तसा सूचीतल्या प्रत्येक बदलामागे दिनांक, कारण आणि तपासणाऱ्याची खूण राहावी. शक्य तिथे इंटरनेट अर्काइव्हमधील प्रतीचा पत्ताही जोडावा.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आज दरडोई म्हणून जे काही मोजले जाते, त्याचा छेद २०११ चा किंवा त्यावरून काढलेल्या अंदाजाचा आहे. नवे आकडे आले की असा प्रत्येक स्रोत आपापल्या वेळी छेद बदलेल. काही त्याच महिन्यात, काही दोन वर्षांनी, काही न सांगता. सूची सांभाळणाऱ्यांनी ‘लोकसंख्या कोणत्या वर्षाची’ हा रकाना आताच जोडून तो आजच्या उत्तरांनी भरून ठेवावा. नंतर शोधायला गेल्यास जुने पान जागेवर असेलच असे नाही.