एकच मैफल, चार वेळा

नोएडातल्या आमच्या घरी कपाटाचा सगळ्यांत खालचा कप्पा एका माणसाचा आहे. विल्हेल्म फुर्टवेंगलर. बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचा संचालक, जन्म १८८६, मृत्यू १९५४. त्या कप्प्यात मार्च १९४२ मध्ये बर्लिनला झालेली बेथोवनची नववी सिम्फनी चार वेळा आहे. या चार वेगळ्या मैफली नव्हेत. मैफल तीच, वादक तेच, ब्रूनो किटेलचा गायकवृंदही तोच. फक्त चार वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या दशकांत, ती आपापल्या परीने साफ करून काढलेली आहे. पाहुणे विचारतात, एकाच गोष्टीवर चार वेळा पैसे कशाला? दर वेळी ती मैफल थोडी अधिक खरी होऊन आली, म्हणून. या चाळीस वर्षांच्या खर्चाबद्दल मला दुसरं काही सांगता येत नाही.

मी मिरजेची. नोकरीसाठी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीत आले तेव्हा रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि मिरजेहून आणलेला तानपुरा एवढाच संसार होता. पाश्चात्त्य संगीत ऐकायची सोय त्या काळी दिल्लीत मोजक्याच ठिकाणी होती. आकाशवाणीवर रात्री काही वेळ लागे. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या मॅक्स म्यूलर भवनात जर्मन संगीत भेटे. चांदणी चौकातल्या दुकानांत एचएमव्हीच्या दमदमच्या कारखान्यात दाबलेल्या एल.पी. मिळत, त्यांत हिंदी सिनेमाच्या ढिगाऱ्याखाली एखादा मोझार्ट, एखादा बेथोवन निघे. बाहेरून रेकॉर्ड मागवायची तर जकात इतकी, की विचारच सोडावा. १९९१ पूर्वी हा छंद परदेशी जाणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेत उरलेल्या जागेवर चाले.

माझी पहिली नववी अशीच आली. मावसभावाने लंडनहून आणलेली, १९५१ च्या बायरॉइटच्या मैफलीची. युद्धानंतर बायरॉइटचा महोत्सव पुन्हा सुरू झाला, तेव्हा २९ जुलैला फुर्टवेंगलरने ती वाजवली होती. दुसरी नववी मला प्रगती मैदानावर सापडली. पुस्तक मेळ्यातल्या सोव्हिएत दालनात गणिताची पुस्तकं, मुलांच्या गोष्टी आणि टॉलस्टॉय यांच्या शेजारी ‘मेलोदिया’ कंपनीच्या रेकॉर्डी ठेवलेल्या असत, अगदी स्वस्तात. एका पाकिटावर रशियन अक्षरांत बेथोवन एवढं मला लागलं. विक्रेत्याने पुढचं नाव वाचून दाखवलं: फुर्तवेंग्लेर. मॉस्कोच्या रेकॉर्डवर बर्लिनचा संचालक का, हे तेव्हा कळलं नाही. घेतली.

त्या हिवाळ्यात आमच्या घरातले वडीलधारे आप्पा मिरजेहून राहायला आले होते. त्यांना सिम्फनीतलं काही कळत नव्हतं, पण मिरजेत जन्म गेलेला माणूस. अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं त्यांनी लहानपणी ऐकलं होतं आणि तानपुऱ्याची जवारी लावून देणाऱ्यांच्या ओसरीवर त्यांच्या संध्याकाळी गेल्या होत्या. एका रविवारी मी दोन्ही रेकॉर्डी पाठोपाठ लावल्या. आप्पा कोपऱ्यात पेटी ओढून बसले.

“अगं, हे दोन्ही एकच म्हणालीस ना?”

“एकच, आप्पा. एक युद्धातलं, एक नंतरचं.”

“मग हे रशियाचं चढं का लागलंय? ते तुझं लंडनचं सफेद दोनला आहे. हे काळी दोनकडे गेलंय.”

नववी सिम्फनी डी मायनरमध्ये आहे. पेटीवर सफेद दोन. लंडनची रेकॉर्ड त्या सुरावर होती आणि रशियन रेकॉर्ड वर सरकलेली होती. सूर चढला म्हणजे लयही चढली. ज्या धावत्या, अंगावर येणाऱ्या वेगाने मला त्या रेकॉर्डची भूल पडली होती, त्यातला काही भाग फुर्टवेंगलरचा नव्हताच. तो मॉस्कोतल्या एखाद्या यंत्राचा होता. मला फार वाईट वाटलं. आणि तिथूनच खरं संग्रह करणं सुरू झालं. तोवर मी नुसत्या रेकॉर्डी जमवत होते.

बर्लिनची ती मार्च १९४२ ची मैफल मॉस्कोला कशी पोचली, ते पुढच्या काही वर्षांत तुकड्यातुकड्याने कळत गेलं. एईजी कंपनीने १९३५ च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात मॅग्नेटोफोन नावाचं टेपयंत्र मांडलं. सुरुवातीला त्याचा आवाज ७८ च्या तबकडीपेक्षा बरा नव्हता. १९४० मध्ये जर्मन रेडिओच्या वॉल्टर वेबर आणि फॉन ब्राउनम्यूल या तंत्रज्ञांना उच्च कंपनाचा प्रवाह टेपवर मिसळायची युक्ती सापडली आणि खरखर एकदम खाली गेली. बाकीचं जग चार-साडेचार मिनिटांच्या तबकड्या कापत होतं तेव्हा बर्लिनचा रेडिओ सेकंदाला सुमारे ७७ सेंटिमीटर वेगाने धावणाऱ्या टेपवर अखंड मैफली उतरवत होता.

फुर्टवेंगलरसाठी हे फार महत्त्वाचं होतं. १९२६ पासून तो तबकड्यांसाठी वाजवत होता, पण तुकडे करून वाजवणं त्याला कधी मानवलं नाही. त्याचा वाद्यवृंद दर क्षणाला पुढच्या क्षणाकडे झुकलेला असतो. लय सैल होते, आवळते, एखाद्या शांततेपाशी सगळं थांबल्यासारखं होतं आणि मग पूर येतो. आपल्या गायकांना साडेतीन मिनिटांत ख्याल मांडावा लागला तेव्हा त्यांचं जे झालं, तेच त्याचं झालं होतं. लांब टेप आली आणि त्याची खरी मैफल पहिल्यांदा पकडली गेली. फ्रीडरिश श्नाप नावाचा ध्वनिमुद्रक त्याच्यासाठी हे काम करी. युद्धातल्या या मुद्रणांत जी धग आहे ती त्याच्या नंतरच्या स्टुडिओतल्या रेकॉर्डींत क्वचितच आहे, असं माझं ठाम मत आहे.

१९४५ मध्ये रशियन सैन्य बर्लिनमध्ये शिरलं आणि रेडिओच्या इमारतीतून पुष्कळ टेप मॉस्कोला गेल्या. साठच्या दशकापासून मेलोदियाने त्यांतल्या काही एल.पी.वर काढल्या. पश्चिमेकडचे लोक या रेकॉर्डी मिळवून त्यांच्या प्रती काढू लागले, आणि चढलेला सूरही प्रतींबरोबर सगळीकडे गेला. व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरची डिसेंबर १९४४ ची बेथोवनची ‘इरोइका’ तर त्याआधीच, १९५३ मध्ये, उरानिया नावाच्या अमेरिकी कंपनीने फुर्टवेंगलरला न विचारता बाजारात आणली होती. तो कोर्टात गेला. ती रेकॉर्डही चढीच होती. आपण न दिलेल्या वेगात आपलंच संगीत विकलं जाताना पाहणाऱ्या त्या माणसाची अवस्था मी पुष्कळदा मनाशी आणते.

मॉस्कोने १९८७ मध्ये काही टेपच्या प्रती पश्चिम बर्लिनच्या रेडिओला दिल्या आणि १९९१ मध्ये मूळ टेप परत केल्या. इकडे त्याच वर्षी आपल्याकडे आयातीची दारं उघडली. नव्वदीच्या मध्यापर्यंत मी दिल्लीत बसून सीडी मागवू शकत होते. तिसरी नववी तेव्हा घेतली. सूर जागेवर होता, पण सगळा आवाज मऊ कापसात गुंडाळल्यासारखा. खरखर घालवायच्या नादात व्हायोलिनची धार आणि सभागृहाचा श्वास दोन्ही गेले होते. त्या काळात स्वच्छ म्हणजे चांगलं अशी सगळ्यांचीच समजूत होती, माझीही होती. पहिल्या भागात, जिथे मूळ स्वरवाक्य परत येतं तिथे, टिंपनीवाला अक्षरशः वादळ उठवतो. या सीडीवर ते वादळ शेजारच्या घरात चालल्यासारखं वाटे.

जुनं मुद्रण साफ करायची ही कला किती जबाबदारीची आहे ते मला त्यानंतर, दिल्लीतच, आणि फुर्टवेंगलरशी काही संबंध नसलेल्या एका कामात कळलं. आप्पा गेल्यावर त्यांच्या सामानात एक स्पूल निघालं. मिरजेत, घरच्या बैठकीत, त्यांच्या एका मित्राने गायलेला पूरिया. मी ते एका दुकानात सीडीवर करून घ्यायला दिलं. दुकानदाराने संगणकावर उत्तम साफ करून दिलं. घरी येऊन लावलं तर गळा होता, तबला होता आणि तानपुरा नव्हता. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं त्या संगणकाला शिकवलेलं. त्याने तानपुराच पुसून टाकला होता. गाणं अधांतरी लोंबकळत होतं. नशिबाने मूळ स्पूल मी परत आणलं होतं.

हे झाल्यानंतर कोणत्याही जुन्या मुद्रणाकडे पाहायची माझी रीत बदलली. कुणी काय काढलं, यापेक्षा कुणी काय राहू दिलं हे मी आधी ऐकते. अमेरिकेतले वॉर्ड मार्स्टन लहानपणापासून अंध आहेत. त्यांच्या हातून आलेल्या जुन्या तबकड्यांत खरखर शिल्लक असते आणि तिच्यामागे माणूस पूर्ण उभा असतो. फ्रान्समध्ये राहणारे इंग्रज तंत्रज्ञ अँड्र्यू रोज ‘प्रिस्टीन’ या नावाने काम करतात. त्यांच्याकडून माझी चौथी नववी आली. या कामात वापरली जाणारी एक युक्ती समजली तेव्हा मी उठून आप्पांच्या पेटीजवळ जाऊन बसले होते. जुन्या टेपमध्ये विजेची एक बारीक घूं असते, जिच्यामुळे सगळे वैतागतात. युरोपात वीज ५० हर्ट्झची, आपल्याकडेही ५० चीच. मुद्रणातली घूं ५० च्या वर निघाली तर टेप तेवढी जोरात फिरतेय, खाली निघाली तर हळू. जो आवाज काढून टाकायला सगळे धडपडत होते, तोच खऱ्या सुराचा साक्षीदार निघाला. आप्पांनी कानाने जे सांगितलं होतं, ते सांगायला या लोकांनी ती घूं वापरली.

एक गोष्ट मात्र टाळून पुढे जाता येणार नाही. फुर्टवेंगलर युद्धभर जर्मनीत राहिला. १९३४ मध्ये हिंडेमिथ या संगीतकाराची बाजू घेऊन त्याने पदं सोडली होती, ज्यू वादकांना मदतही केली. पण तो परत वाजवू लागला. १९ एप्रिल १९४२ ला, हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी, त्याने हीच नववी वाजवली आणि त्याचा चित्रपटही आहे. माझ्या कप्प्यातल्या मैफलीनंतर महिन्याभराच्या आतली ही गोष्ट. तो चित्रपट पाहिल्यावर कित्येक महिने मी ही रेकॉर्ड लावली नाही. डिसेंबर १९४६ मध्ये त्याची चौकशी झाली, तो सुटला आणि मे १९४७ मध्ये बर्लिनमध्ये पुन्हा उभा राहिला. सगळी माणसं भाऊ होतील असं म्हणणारा तो कोरस त्या सभागृहात, त्या श्रोत्यांसमोर गायला जात होता, ही वेदना ऐकताना बाजूला ठेवता येत नाही. ठेवूही नये. पण ते मुद्रण नष्ट व्हायला हवं होतं असं मला एकदाही वाटलं नाही.

जानेवारी १९४५ मध्ये बर्लिनला झालेल्या त्याच्या युद्धकाळातल्या शेवटच्या मैफलीतली फक्त ब्राम्सच्या पहिल्या सिम्फनीची अखेर उरली आहे. त्या दिवशी मोझार्ट चालू असताना वीज गेली, वाद्यवृंद थांबला, वीज आल्यावर पुढे ब्राम्स झाला. काही दिवसांत फुर्टवेंगलर स्वित्झर्लंडला निघून गेला. दिल्लीच्या उन्हाळ्यात वीज गेली की अजून मला तीच मैफल आठवते.

पाचवी नववी बर्लिन फिलहार्मोनिकने स्वतः २०१८ च्या शेवटी काढलेल्या संचातली. १९३९ ते १९४५ ची रेडिओ मुद्रणं, बावीस डिस्क. ती लावली आणि टिंपनी शेजारच्या घरातून उठून समोर आली. सभागृह ऐकू येतं, खोकले ऐकू येतात. ती जुनी फिलहार्मोनी जानेवारी १९४४ मध्ये बॉम्बखाली गेली. आता ती फक्त या खोकल्यांभोवती उरली आहे. माझ्या मते १९४२ च्या त्या चारांत हीच सर्वांत खरी. प्रिस्टीनची तिच्या मागे थोडीशी. रशियन एल.पी. मी कुणाला देणार नाही, पण आता लावत नाही.

१९५१ ची बायरॉइटची नववीही, माझ्या सगळ्यांत पहिल्या रेकॉर्डची, पुढे संशयात सापडली. ईएमआयने १९५५ मध्ये काढलेल्या त्या रेकॉर्डमध्ये रंगीत तालमीचे आणि मैफलीचे तुकडे जोडलेले होते. २००७ नंतर ऑर्फेओने बव्हेरियन रेडिओची टेप काढली आणि २०२१ मध्ये बीआयएस या कंपनीने स्वीडिश रेडिओने त्या रात्री पकडलेलं प्रक्षेपण जसंच्या तसं काढलं, मैफलीआधीच्या निवेदनासह. ज्या रेकॉर्डवर मी सफेद दोन शिकले, ती पूर्ण एका संध्याकाळची नव्हती.

आप्पांचं ते स्पूल मी नंतर पुन्हा, या वेळी काहीही न गाळता, उतरवून घेतलं. तानपुरा आहे, घूं आहे, मिरजेच्या रस्त्यावरचा टांगा आहे.

तुमच्याही घरी, पुण्यात, नागपुरात, बेळगावात किंवा इथे दिल्लीत, माळ्यावर अशी स्पुलं आणि ७८ च्या तबकड्या असतील. कृपा करून त्या आधी साफ करायला देऊ नका. फिनाइल, स्पिरिट लावू नका, गंजलेल्या सुईवर लावून पाहू नका. कोण गातंय, कुठे, कधी, एवढं एका कागदावर लिहून सोबत ठेवा. ते सांगणारी माणसं तबकड्यांच्या आधी जातात. पहिली प्रत खरखरीसकट, घूंसकट काढा आणि ती वेगळी जपा. साफसफाई नेहमी दुसऱ्या प्रतीवर. मुंबईत सुरू झालेली रेकॉर्ड संग्राहकांची संस्था, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स, १९९० पासून हे काम करते आहे आणि गुरुग्राममध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं लोक आणि शास्त्रीय संगीताचं संग्रहालय आहे. तिथे विचारा.