बटाट्याच्या फोडीवरचा फेस

हायड्रोजन पेरॉक्साइड पाण्यासारखेच रंगहीन असते. फरक इतकाच, की त्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू जास्त असतो. हा रेणू अस्थिर आहे. दोन रेणू मोडले की पाण्याचे दोन रेणू आणि ऑक्सिजन वायूचा एक रेणू मिळतो, आणि पेरॉक्साइडच्या दर मोलमागे सुमारे 98 किलोजूल उष्णता बाहेर पडते. तरीही औषधांच्या दुकानातली बाटली महिनोन्महिने टिकते, कारण मोडण्यापूर्वी रेणूंना मोलमागे सुमारे 75 किलोजूलचा चढ चढावा लागतो. हीच सक्रियण ऊर्जा. कॅटालेज हे विकर तो चढ एक तृतीयांशाहूनही खाली आणते. त्याच्या चार उपघटकांपैकी प्रत्येकात लोहाचा अणू धरून बसलेला हीम गट असतो. पहिला पेरॉक्साइड रेणू त्या लोहाला एक ऑक्सिजन देऊन पाणी होतो, दुसरा त्या ऑक्सिजनला आपले हायड्रोजन देऊन त्याचे पाणी करतो आणि स्वतः ऑक्सिजन वायू होऊन सुटतो. लोह पुन्हा पहिल्या स्थितीत येते. ही फेरी सेकंदाला लाखो वेळा होऊ शकते. इतकी वेगवान विकरे मोजकीच आहेत.

मावळातल्या वडगाव, कामशेत किंवा लोणावळ्याच्या प्रयोगशाळेत हे पाहायला बाजारातला बटाटा पुरतो. न सोललेली फोड द्रावणात टाकताच कापलेल्या बाजूवर बारीक बुडबुडे उमटतात, मोठे होतात, एकमेकांत मिसळतात आणि पांढरा फेस नळीत वर चढतो. साल असलेल्या बाजूवर मात्र जवळजवळ शांतता असते, कारण विकर पेशींच्या आत आहे आणि सुरीने फोडलेल्या पेशींतूनच ते बाहेर येते. म्हणून तेवढ्याच वजनाचा किसलेला बटाटा फोडीपेक्षा कितीतरी जोरात फेसाळतो, आणि वाटून गाळलेला रस त्याहून जोरात. बोकडाच्या कलेजीचा एवढासा तुकडाही नळी भरून टाकतो. फेसात धुमसती उदबत्ती धरली की तिचे टोक लखलखीत होते. वायू ऑक्सिजनच असल्याची ही खूण.

फेसाची उंची पाहून वेग ठरवणे हा मात्र कच्चा मार्ग आहे. रसातली प्रथिने फेस धरून ठेवतात, त्यामुळे उंची वायूच्या प्रमाणाशी जुळतेच असे नाही. त्याहून चांगली रीत गाळणकागदाच्या छोट्या चकत्यांची. चकती रसात बुडवून पेरॉक्साइडच्या तळाशी सोडायची. ती काही क्षण तळाला निपचित पडते, मग तिच्या पोटाखाली बुडबुडे चिकटू लागतात, एक कड उचलली जाते आणि चकती एकदम वर येते. तळापासून पृष्ठभागापर्यंतचा वेळ जितका कमी, तितका क्रियेचा वेग जास्त. रस दुप्पट पातळ केला की वेळ लांबतो. विकराच्या प्रमाणाचा परिणाम इतका थेट दिसतो.

वायूच मोजायचा तर पाण्याने भरून उपडी ठेवलेली मोजनळी लागते, आणि इथे लोणावळ्याची उंची आड येते. दुकानातल्या बाटलीवर बहुधा ‘20 व्हॉल्यूम’ लिहिलेले असते. याचा अर्थ 1 मिलिलीटर द्रावणातून 20 मिलिलीटर ऑक्सिजन, म्हणजे सुमारे 6 टक्के पेरॉक्साइड. त्यात तेवढेच पाणी घातले की 3 टक्के. अशा 5 मिलिलीटरमधून 50 मिलिलीटर वायू यायला हवा. पण हा हिशेब शून्य अंश तापमानाचा आणि समुद्रसपाटीच्या दाबाचा आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सात टक्क्यांच्या आसपास कमी भरतो. पंचवीस अंश तापमान आणि पाण्याची वाफ धरली तर तोच ऑक्सिजन मुंबईत साधारण 56 आणि लोणावळ्यात 60 मिलिलीटर जागा घेतो. विकराने जादा काम केलेले नसते, वायू तेवढा पसरलेला असतो. दोन गावांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी ही दुरुस्ती करावीच लागते. घाटावरच्या प्रयोगवहीत तिची नोंद हवी.

तापमानाचा धडा सगळ्यांत जास्त फसवा. दहा अंश वाढले की क्रियेचा वेग दुप्पट होतो, हे सरसकट सांगितले जाते. कॅटालेजच्या बाबतीत ते खरे ठरत नाही. चढच बुटका असल्याने वीसवरून तीस अंशांवर गेल्यावर वेग दीडपटही होत नाही; विकराशिवायची क्रिया मात्र तेवढ्याच फरकाने अडीच पटीच्या वर जाते. म्हणून धुक्यातल्या जुलैत आणि मेच्या दुपारी बटाटा जवळपास सारखाच फेसाळलेला दिसतो, आणि बर्फात ठेवलेल्या नळीतही बुडबुडे येतात. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळून राहतो; त्यामुळे मोजनळीत येणारा वायू कमी दिसतो आणि थंडीचा परिणाम आहे त्याहून मोठा वाटतो. दुसऱ्या टोकाला पन्नास-साठ अंशांपुढे प्रथिनाची घडी उसवू लागते. उकडलेल्या बटाट्यावर एकही बुडबुडा येत नाही, आणि तो थंड केला तरी घडी परत बसत नाही.

पेरॉक्साइडची संहती वाढवली की वेग वाढतो. बऱ्याच विकरांसारखा तो चटकन थबकत नाही. पण तीव्र द्रावणात कॅटालेज स्वतःच निकामी होत जाते. सुरुवातीला जोरदार उसळी येते आणि मग क्रिया अकाली मंदावते. म्हणून खरा वेग पहिल्या काही सेकंदांतच मोजायचा. शिवाय बाटलीतले द्रावण टिकावे म्हणून किंचित आम्लधर्मी ठेवलेले असते. कॅटालेजला मानवतो तो सातच्या आसपासचा सामू. पेरॉक्साइड जास्त घालताना सामूही खाली गेला, तर कशाचा परिणाम मोजला हे कळत नाही. सामू स्थिर ठेवणारे बफर द्रावण आधी घालून ही गल्लत टाळता येते. लिंबाच्या रसात बुडवलेली फोड जवळपास गप्प होते. मोरचुदातले तांबे विकराला निकामी करते, आणि सायनाइड तर थेट हीममधल्या लोहालाच जाऊन बसते.

सजीवांच्या ऊतकांनी पेरॉक्साइड मोडते, हे ते द्रव प्रथम तयार करणाऱ्या लुई थेनार यांच्याच ध्यानात आले होते, साल 1818. ऑस्कर लोव्ह यांनी 1900 मध्ये विकराला नाव दिले, आणि 1937 मध्ये जेम्स समनर व अलेक्झांडर डाउन्स यांनी गुरांच्या यकृतापासून त्याचे स्फटिक मिळवले.

पेशीला या विकराची गरज का पडते, याचे उत्तर मावळातल्या भातात सापडते. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून इंद्रायणी वाण तयार केले. ते 1987 मध्ये प्रसारित झाले. पेरणीआधी भिजवलेल्या दाण्याला मोड येतो तेव्हा अंकुर आणि त्याभोवतीचा थर यांतले तेल इंधन म्हणून वापरले जाते. ते मोडताना पेशीतच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, आणि साचले तर प्रथिने व पेशीपटल दोन्ही बिघडवते. कॅटालेज ते जागच्या जागी निस्तरते. मोड आलेले दाणे ठेचून पेरॉक्साइडमध्ये टाकले की फेस येतो. पांढऱ्याशुभ्र, पॉलिश केलेल्या तांदळावर मात्र जवळपास काहीच घडत नाही, कारण अंकुर आणि वरचा थर गिरणीतच निघून गेलेला असतो.

दाण्याच्या बाहेरच्या भागात पेरॉक्सिडेज हे दुसरे एक विकर असते. ते पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन वायू सोडत नाही, तर त्याच्या साहाय्याने दुसऱ्या पदार्थाचे ऑक्सिडीकरण करते. तांदळावर ग्वायाकॉल हे रसायन आणि पेरॉक्साइड घातले की नवा तांदूळ तांबूस-तपकिरी होतो. साठवणीत हे विकर हळूहळू मंदावते, त्यामुळे जुन्या तांदळावर रंग फिका येतो किंवा येतच नाही. तांदूळ नवा की जुना हे ओळखण्यासाठी ही चाचणी वापरतात.